थर्मलकाकांची हॉकी

भर सप्टेंबरच्या उकाड्यात, घामाने निथळणाऱ्या माणसाला "तुमच्याकडे थर्मल आहे ना?" असं विचारणारा माणूस मी एकच पाहिला. पार्सिपनीतल्या इंडियन ग्रोसरीत मी भेंडी निवडत होते. अमेरिकेत येऊन आठवडाच झाला होता, आणि भेंडीचं टोक मोडून बघितलेलं इथे चालतं की नाही, या विवंचनेत उभी होते. फोनवर नवऱ्याला तेच विचारत होते, तर शेजारून आवाज आला, "मोडा बिनधास्त. सगळे मोडतात." बुटके, जाड मिशीचे एक गृहस्थ कोथिंबिरीच्या जुड्या हुंगून बघत होते. मी कुठली, कधी आले, नवरा कुठे असतो हे नेहमीचे प्रश्न झाल्यावर त्यांनी थर्मलचं विचारलं. मी म्हटलं, "थंडीला अजून वेळ आहे ना?" ते म्हणाले, "थंडीचं नाही विचारत. हॉकीचं विचारतोय. पुढच्या महिन्यात सीझन सुरू होतो."

पार्सिपनीत त्यांना सगळे थर्मलकाका म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. पोटासाठी ते एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत, पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. पुणं, मुंबई, नागपूर, कुठूनही नवं मराठी माणूस आसपास राहायला आलं, की त्याला न्यूअर्कच्या डाउनटाउनमध्ये नेऊन व्यावसायिक आइस हॉकीची मॅच दाखवून आणायची, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. एमएस करणारी पोरं, नव्या सुना, मुलांकडे आलेले आईवडील, कुणाचीच सुटका नव्हती. मला कुठलाही खेळ बघायचा लहानपणापासून कंटाळा. प्रसाद, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "एकदा जाऊन ये यार, नाहीतर ते आपल्या घरी येऊन बसतील." तो स्वतः आधीच्या वर्षी जाऊन आलेला होता.

मॅचच्या आदल्या दिवशी काकांचा फोन यायचा आणि तो घ्यावाच लागायचा. "पर्स आणू नकोस. मोठी बॅग गेटवर अडवतात, आणि परत जाऊन गाडीत ठेवावी म्हटलं तर गाडी आपण नेलेलीच नसते. फोन आणि ओळखपत्र खिशात, बास. तिकीट तुझ्या फोनवर पाठवलंय, ते घरूनच उघडून ठेव, तिथे गर्दीत नेट चालत नाही." डाउनटाउनला गाडी न्यायला त्यांचा सक्त विरोध होता. गाडी मॉरिस्टाउनच्या स्टेशनवर ठेवायची, तिथून ट्रेनने न्यूअर्क, पुढे पायी. रस्ता कुणाला विचारायचा नाही. "टीमची जर्सी घातलेला माणूस दिसला की त्याच्या मागे चालायचं. तो आपल्याला बरोब्बर दारात सोडतो." आत डबा नेता येत नाही आणि आतलं खाणं काकांना पटत नसे, म्हणून काकूंनी दिलेली थालीपिठं ट्रेनमध्येच संपवायची. लसणाच्या वासाने समोरचा गोरा माणूस खिडकीकडे वळला, की काका त्यालाही तुकडा देऊ करायचे. एकाने तो खाऊन आणखी मागितला, ही गोष्ट दर फेरीत नव्या माणसाला सांगितली जायची.

आत गेल्यावर थर्मलचं महत्त्व कळलं. बर्फावरून येणारा गारठा आधी पायांना लागतो आणि मग वर चढत जातो. काकांच्या सीट नेहमी वरच्या बाजूला असत. "काचेजवळ बसायची हौस असते सगळ्यांना. तिथे आपटाआपटी दिसते. खेळ वरूनच दिसतो." मॅचच्या आधी खेळाडू सरावाला येतात तेव्हा मात्र ते सगळ्यांना खाली काचेपाशी नेऊन आणायचे, कारण ही माणसं केवढी आहेत आणि कसल्या वेगाने जातात हे एकदा जवळून बघितलंच पाहिजे. खेळ चालू असताना जागेवरून उठायला बंदी. शिट्टी झाली की उठायचं, आणि परत येताना पुढची शिट्टी होईपर्यंत दाराशी थांबायचं. मला ती काळी चकती काही केल्या दिसेना. काका म्हणाले, "चकतीकडे बघूच नकोस. माणसांकडे बघ. सगळे जिकडे वळतात तिकडे ती असणार." तेवढ्यात दोन खेळाडूंनी हातमोजे फेकून दिले आणि एकमेकांना बुकलायला लागले. पंच शेजारी उभे राहून बघत होते. मी विचारलं, "ते सोडवत का नाहीत?"

"सोडवतील की," काका म्हणाले. "दमू देत थोडे."

हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं ते त्यांनी परतीच्या ट्रेनमध्ये सांगितलं. काका-काकू इथे आले तेव्हा त्यांचा अमेय तीन वर्षांचा होता. पहिलाच हिवाळा. काकूंना व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. ऑफिसात लोक हसून 'हाऊ आर यू' म्हणत आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात. एकदा कुणाला तरी जमेना म्हणून मॅचची तिकिटं काकांच्या गळ्यात पडली. तिघे गेले. खेळातलं ओ की ठो कळलं नाही. पण गोल झाला, आणि शेजारच्या दाढीवाल्या अनोळखी माणसाने काकांच्या पाठीत जोरात थाप मारली, अमेयला उचलून खांद्यावर घेतलं आणि काकूंसमोर टाळीसाठी हात धरला. "इथे येऊन कित्येक महिने झाले होते," काका म्हणाले. "तोवर मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता गं." त्या दिवशी माझ्याही पाठीत एका धिप्पाड बाईने थाप मारली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

पुढे माझे बाबा नागपूरहून आले, तेव्हा त्यांचीही वर्णी लागली. बाबा कॉलेजात मैदानावरची हॉकी खेळलेले, त्यामुळे मनातून ते काकांना कच्चं लिंबू समजत होते. डोक्यावर आईने विणलेली तपकिरी माकडटोपी होती. त्या दिवशी आपल्या टीमच्या एकाच खेळाडूने तिसरा गोल केला. असं झालं की प्रेक्षक आपल्या टोप्या बर्फावर फेकतात, अशी तिथली रीत आहे. चहूबाजूंनी टोप्या पडायला लागल्या. बाबांनी आजूबाजूला बघितलं, आणि रीत म्हणजे रीत, म्हणून माकडटोपी काढून भिरकावली. आम्ही वर बसलेलो, त्यामुळे ती खालच्या रांगेतल्या एका माणसाच्या खाण्यावर जाऊन पडली. त्या भल्या माणसाने ती झटकून पुढे फेकली, पुढच्याने त्याच्याही पुढे, आणि शेवटी ती बर्फावर पोचली. बाबा समाधानाने खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी काकांना विचारलं, "टोप्या परत कधी देतात?"

काकांकडे या खेळातल्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर असायचं. या वेळी बाबांच्या उघड्या डोक्याकडे बघून ते म्हणाले, "विचारून बघू." मॅच संपल्यावर त्यांनी चौकशीच्या खिडकीवरच्या मुलीला हातवारे करून टोपीचं वर्णन सांगितलं. तोंड झाकणारी, फक्त डोळे दिसणारी, हे ऐकून ती मुलगी जरा मागे सरकली. टोपी मिळाली नाही. आईला काय सांगायचं, ही चिंता बाबांना ट्रेनमध्ये लागून राहिली. काका त्यांना म्हणाले, "जाऊ द्या हो. आम्ही एवढी वर्षं वाट बघतोय आणि तुमच्या टोपीला एका दिवसात ग्रीन कार्ड मिळालं." त्यावर सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने अमेय हसला.

अमेय या सगळ्या फेऱ्यांना बरोबर असायचा. तेव्हा तो हायस्कूलमध्ये होता. आईशी मराठी, वडिलांशी अर्धं मराठी आणि हॉकीबद्दल फक्त इंग्रजी, अशी त्याची विभागणी होती. "मावशी, डोन्ट वरी, मी एक्स्प्लेन करतो," म्हणून माझ्या शेजारी बसायचा आणि तीच गोष्ट न कंटाळता पुन्हा पुन्हा समजावून सांगायचा. काकांना नवं माणूस आवडायचं, अमेयला त्या जागेतलं सगळंच आवडायचं. दिवे कोण लावतं, संगीत कोण ठरवतं, तिकिटं कशी खपवतात, सगळं.

काकांचा ग्रीन कार्डचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज केव्हाच झालेला होता. पण भारतात जन्मलेल्यांची रांग एवढी लांब आहे, की आमच्यात कुणी कुणाला नंबर विचारत नाही. वडिलांच्या व्हिसावर आलेलं मूल एकविसाव्या वर्षापर्यंतच वडिलांबरोबर त्या रांगेत उभं राहू शकतं. त्या वाढदिवसाला ते रांगेतून बाहेर पडतं, आणि मग त्याला स्वतःचा व्हिसा स्वतः मिळवावा लागतो. अमेय इथे जन्मलेल्या मुलांपेक्षा वेगळा आहे असं कधी कुणाला वाटलं नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही. पण त्याचा जन्म पुण्याचा होता.

कॉलेजची वेळ आली तेव्हा काकू त्याला म्हणाल्या, "कॉम्प्युटर घे." आमच्या लोकांत हे सांगावंसुद्धा लागत नाही. कॉम्प्युटर शिकलेल्या मुलाला डिग्रीनंतर तीन वर्षं काम करता येतं आणि नोकरीच्या व्हिसासाठी दरवर्षी निघणाऱ्या लॉटरीत तेवढ्या वेळा नाव टाकता येतं. बाकीच्या विषयांना एक वर्ष आणि एकच लॉटरी. अमेयला स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायचं होतं. मी तेव्हा त्यांच्याकडेच चहाला गेले होते. काका बायकोला म्हणाले, "अगं, त्याचं शिक्षण होईपर्यंत आपलं कार्ड येईल. आवडीचं करू दे की त्याला." इतक्या प्रेमाने आणि इतक्या सहज म्हणाले, की मलाही ते पटलं.

कार्ड आलं नाही. एकविसावा वाढदिवस आला, केक कापला, आणि अमेयने व्हिसा बदलून विद्यार्थ्याचा घेतला. डिग्री झाली आणि त्याला त्याच डाउनटाउनच्या स्टेडियममध्ये, तिकीट खात्यात नोकरी लागली. ते वर्ष काकांचं होतं. नव्या लोकांना घेऊन आम्ही गेलो, की मध्यंतरात कोट घातलेला, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला अमेय आम्हाला भेटायला वर यायचा. काका त्याची ओळख करून देताना मुद्दाम इंग्रजीत बोलायचे, म्हणजे आजूबाजूच्यांनाही कळावं. कंपनीने लॉटरीत त्याचं नाव टाकलं होतं. मार्चमध्ये निकाल लागणार होता, आणि मार्च जवळ आला तसे काका चालता चालता मध्येच थांबून फोन बघायला लागले.

नाव आलं नाही. काकांनी फोन करून तेवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. आठवड्याभराने ते आमच्याकडे आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राहिले. चहावर साय धरली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. म्हणाले, "मीच त्याला नेलं गं. तीन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन मीच नेलं. नसतं नेलं तर त्याने गपचूप कॉम्प्युटर केला असता. आणखी दोनदा नाव टाकता आलं असतं." "तसं काही नसतं काका" असं म्हणणं खोटं ठरलं असतं. कारण तसंच होतं. मला भयंकर राग आला होता, पण तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. लॉटरीवर रागावून काय उपयोग, आणि समोर बसलेल्या या माणसावर तर रागावणं शक्यच नव्हतं. काकूंनी त्यांना एका शब्दाने बोल लावला नाही. काकांना ते जास्त लागत होतं, हे मला दिसत होतं.

आम्ही सगळ्यांनी जमेल तेवढी धडपड केली. कुणी दुसरा वकील सुचवला, कुणी आणखी एक मास्टर्स करायला सांगितलं. अमेय म्हणाला, "बाबा, व्हिसासाठी किती शिकू? आय अ‍ॅम टायर्ड." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, खरंच थकवा होता. त्यानंतर कुणी काही सुचवलं नाही.

व्हिसा संपल्यावर अमेय पुण्याला निघाला, तेव्हा न्यूअर्कच्या विमानतळावर त्याला सोडायला मीही गेले होते. आयुष्यभर लोकांना कुठे कसं जायचं ते सांगत आलेला हा माणूस, पोटच्या पोराला पुण्याबद्दल काय सांगायचं या विचाराने कासावीस झाला होता. त्यांनी सोडलेलं पुणं त्यांनाही आता ओळखू आलं नसतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिकडे आता रिक्षा फोनवरूनच बोलावतात ना? तू सांग ना त्याला. आणि पाणी कुठलं प्यायचं, तेपण सांग." अमेय काकूंना जवळ घेऊन "इट्स ओके आई, इट्स ओके" म्हणत होता. मग तो गेला. वळून एकदाच हात केला.

काकांनी मॅचला जाणं बंद केलं. नवं कुणी आलं आणि त्याने कुणाकडून तरी ऐकून चौकशी केली, की ते मला फोन करून सांगायचे, "जमलं तर तू घेऊन जा." म्हणून मी न्यायला लागले. खेळाचा कंटाळा असलेली मी, अनोळखी पोरापोरींना बॅग आणू नका म्हणून बजावत फिरायला लागले. परत आल्यावर काका फक्त एवढंच विचारायचे, "थंडी वाजली का त्यांना?"

वर्ष सरता सरता काका-काकूंचा नंबर लागला. कार्डं दोनच आली. लोक पेढे घेऊन भेटायला गेले, कारण न जाणं वाईट दिसलं असतं. काकू सगळ्यांना बसवून चहा देत होत्या आणि पेढ्यांचे खोके न उघडता फ्रिजवर ठेवत होत्या. अर्जाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी सांगितलं, की आता वडील म्हणून काकांना मुलासाठी अर्ज करता येईल. आठ-नऊ वर्षं लागतील. त्यात अटी दोन. काकांनी तोवर इथेच राहायचं, आणि अमेयने लग्न करायचं नाही. लग्न झालं की अर्ज रद्द. निवृत्त होऊन मुलाजवळ पुण्याला राहायला जावं असं काकूंच्या मनात होतं, पण तिकडे राहिलं तर कार्ड जाणार आणि कार्डाबरोबर अर्जही. म्हणजे मुलगा परत हवा असेल तर मुलापासून लांब राहायचं. काकांनी अर्ज केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. ज्या वयात आई मुलासाठी स्थळं बघायला लागते, त्या वयात काकू कुणी मुलींचा विषय काढला की भाजीचा विषय काढायच्या.

परवाच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे असताना अमेयचा व्हिडिओ कॉल आला. तो आता पुण्यात शाळांच्या क्रीडास्पर्धा भरवणाऱ्या एका संस्थेत काम करत होता, आणि त्याचं मराठी माझ्याहून चांगलं झालं होतं. त्याच्या शेजारी एक मुलगी बसली होती. तिचं नाव सई. काकूंनी तिच्याकडे बघितलं, आणि हातातला टॉवेल बाजूला ठेवून खुर्चीत नीट बसल्या.

अमेय म्हणाला, "बाबा, आम्ही दोघं बोललोय. आम्ही थांबू शकतो. तुमची फाइल चालू राहू दे."

"किती थांबाल?" काकांनी विचारलं.

"लागतील तेवढी वर्षं."

"काका, मला खरंच काही प्रॉब्लेम नाही," सई म्हणाली.

काका म्हणाले, "मला आहे. थांबू नका. आपल्या घरात मी थांबलो तेवढं पुरे झालं." अमेय काहीतरी बोलायला गेला, तर त्यांनी त्याला हातानेच गप्प केलं. काकूंनी डोळे पुसत सईला विचारलं, "तुझ्या घरी कुणाशी बोलायचं आम्ही?" आणि फोन बंद झाल्यावर नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मग आता आपण तरी इथे कशाला राहायचं?"

सोमवारी काकांनी मला बोलावून घेतलं. वकीलबाईंना फोन करायचा होता, आणि ते वाक्य आपल्या तोंडून निघणार नाही, म्हणाले. मी स्पीकरवर फोन लावला आणि काका शेजारी बसले आहेत असं सांगून म्हटलं, की मुलासाठी केलेला अर्ज त्यांना मागे घ्यायचा आहे. बाईंनी कारण विचारलं. मी काकांकडे बघितलं. त्यांनी होकाराची मान हलवली. मी सांगितलं, मुलाचं लग्न ठरलंय.

"ओह, काँग्रॅच्युलेशन्स," बाई अगदी मनापासून म्हणाल्या.

काका फोनकडे वाकले आणि म्हणाले, "थँक यू."